‘छान आहे’ म्हणणाऱ्यांकडून वेबसाइट कशी तपासून घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. देवगडला घरची बाग आहे. दोन हंगामांपूर्वी थेट हापूस विकायला वेबसाइट काढलीत. लोक येतात, पेटी निवडतात, आणि ऑर्डर पूर्ण करायच्या ऐवजी तुम्हाला फोन लावतात. काही जण तेवढंही करत नाहीत. एका एजन्सीने यूजर टेस्टिंगचे, म्हणजे लोकांना साइट वापरायला देऊन ती तपासण्याचे, दीड लाख सांगितले, तुमच्याकडे पाच-सहा हजार आहेत. घरच्यांना आणि मित्रांना साइट दाखवलीत, सगळे ‘छान आहे’ म्हणाले. गूगल फॉर्म पाठवलात, तिथेही बहुतेकांनी पाचपैकी चार गुण दिले. मग ऑर्डरी का अडतात?

पाच-सहा हजार पुरतात, उलट थोडे उरतील. तुमची खरी अडचण ते ‘छान आहे’ आहे. आपल्याकडे ज्याच्या हातचा चहा प्यायला त्याच्या वेबसाइटला तोंडावर नावं ठेवायची नसतात. फॉर्ममधले चार गुण साइटला पडलेले नाहीत. ‘पोरगं गावात राहून काहीतरी करतंय’ याला ते पडलेत. पुण्यात मी पंधरा वर्षं अशा चाचण्यांचंच काम करते आहे, आणि इतक्या वर्षांत एवढं पक्कं कळलंय की मत विचारलं की माणूस सौजन्याने उत्तर देतो. काम करायला दिलं की हात सौजन्य दाखवत नाहीत. बोट जिथे अडायचं तिथे अडतंच. म्हणून सगळी चाचणी अशी बांधायची, की समोरच्याला वाईट बोलायची वेळच येऊ नये आणि तरीही आपल्याला सगळं दिसावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुमच्याकडे येणाऱ्या फोनांपैकी काही साइट कितीही सुधारली तरी येणारच. ‘देवगडचाच ना? नक्की?’ हे विचारायला येणारा फोन बटणाच्या जागेमुळे येत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाजारात कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतोच, आणि गिऱ्हाईक एकदा फसलेलं असतं. भाव जास्त वाटणं, विश्वास नसणं या गोष्टी चाचणीत अंधुक दिसतात, पण तिथे सुटत नाहीत. माणसाला घ्यायचंय आणि तरी घेता येत नाही, तो भाग मात्र स्वच्छ दिसतो. तुमच्या बाबतीत दोन्हींची सरमिसळ असणार असा माझा अंदाज आहे. किती कुठलं, ते बघितल्याशिवाय कोणीही सांगू नये.

आता किती माणसं लागतील? ‘पाच पुरेत’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या अशा चाचण्यांच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या गणितातून आलंय. त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणींना धडकत होता, आणि त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. पण हा ३१ चा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. तो १० वर आला तर त्याच पाच जणांत ४१ टक्केच सापडतात. २००१ साली जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी खरेदीच्या साइटवर बघितलं, तेव्हा पहिल्या पाच जणांत ३५ टक्क्यांच्या आसपासच अडचणी निघाल्या होत्या. आणि तुमची साइटही खरेदीचीच आहे.

म्हणून मी पाच-पाचाच्या भानगडीत न पडता फेऱ्या करते. तीन माणसं बसवायची, जे ठळक दिसलं ते दुरुस्त करायचं, मग नवीन तीन माणसं. पहिल्या तिघांना दाराशीच ठेच लागली, तर आतल्या खोल्यांत काय आहे ते त्यांना कधी दिसतच नाही. दाराशी पडलेला दगड उचलल्यावरच पुढचे तिघं आत जातात. एका दिवसात सहा जण बसवण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने तीन-तीन बसवा. हंगाम मार्चला धरला तर जानेवारी-फेब्रुवारीत दोन फेऱ्या आरामात होतात. एप्रिलमध्ये तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसेल, तेव्हा हे काढू नका.

माणसं निवडताना घरचे, साइट बनवणारा मुलगा आणि त्याचे मित्र हे तिघं आधी बाद करा. गेल्या वर्षी ज्यांनी साइट सोडून फोन केला त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच, त्यांच्याइतकी योग्य माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत. त्यातले दोन, आणि तुमच्याकडून कधीच न घेतलेले चार. ते पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्यांच्या सोसायटीच्या ग्रुपमधून मिळतील. आंबा विकत घेणारी माणसं हवीत एवढी एकच अट ठेवा. वय, शिक्षण यांची कोष्टकं करत बसू नका. मात्र परदेशातून आईवडिलांसाठी पेटी पाठवणारे तुमच्याकडे असतील, तर सहातले दोन तसे घ्या, त्यांच्या अडचणी अगदी वेगळ्या असतात. मोबदला द्याच. फुकट आलेला माणूस उपकार करायला आलेला असतो, आणि उपकार करणारा परत ‘छान आहे’ म्हणतो. तीनशे रुपये आणि एक आंबापोळीचं पाकीट एवढं पाऊण तासाला पुरे.

चाचणी त्यांच्याच फोनवर घ्या. हा माझा हट्ट आहे. तुमच्या लॅपटॉपवर साइट देखणी दिसते, पण गिऱ्हाईक येतं ते चार वर्षांच्या, काच तडकलेल्या अँड्रॉइडवरून. साठीच्या माणसांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, त्यामुळे ‘पुढे जा’ हे बटण स्क्रीनच्या खाली ढकललं जातं आणि पान तिथेच संपलं असं त्यांना वाटतं. मराठी कीबोर्डचं तर विचारूच नका. एका नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये एक आजोबा पुन्हा पुन्हा मोबाइल नंबर भरत होते आणि साइट ‘योग्य क्रमांक टाका’ म्हणून ओरडत होती. त्यांच्या कीबोर्डवर देवनागरी आकडे उमटत होते आणि फॉर्मला इंग्रजी आकडेच हवे होते. ९८ आणि त्याचा इंग्रजी जुळा यांत आजोबांच्या लेखी काही फरक नव्हता, आणि का असावा? साइट बनवणाऱ्या कोणालाच हे कधी दिसलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कोणी मराठी कीबोर्ड वापरतच नव्हतं. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली.

काम कसं सांगायचं यावर चाचणी तरते किंवा बुडते. ‘कार्टमध्ये दोन पेट्या टाका आणि चेकआउट करा’ असं सांगितलंत, तर तुम्ही त्याला पडद्यावरचे शब्द हातात दिलेत. तो फक्त ते शब्द शोधेल. त्याऐवजी असं सांगा: ‘अक्षय्य तृतीयेला नाशिकला तुमच्या बहिणीकडे आंबे पोचले पाहिजेत, त्या दिवशी खाता येतील असे. घरात चार माणसं आहेत. तुम्हाला ठीक वाटेल तेवढे पाठवा.’ आता बघा यात काय काय आलं. पेटी म्हणजे किती हे त्याला कळायला हवं. कोकणातली लाकडी पेटी चार-पाच डझनांची, पण पुण्यात कुरिअरने आलेल्या दोन डझनांच्या खोक्यालाही लोक पेटीच म्हणतात. आंबे कच्चे येणार की पिकलेले, अढीत घालावे लागतील का, किती दिवसांनी खायचे, हे साइटवर शोधावं लागेल. पोचायची तारीख निवडता येते का ते दिसेल. पैसे देणारा एक आणि पत्ता दुसऱ्याचा, हेही आलं. ‘प्रीमियम ए-टू’ असा काही प्रकार तुम्ही ठेवला असेल, तर तो वाचून माणूस भुवया उंचावतो की पुढे सरकतो तेही कळेल. असं एकच काम वीस मिनिटं पुरतं. पाऊण तासात दोन कामं द्या, तिसरं नको.

कामाभोवती अशी गोष्ट रचण्याचा भीड मोडायला आणखीही उपयोग होतो. मुंबईत काम केलेल्या अपला लाहिरी-चव्हाण यांनी यावर ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून एक युक्ती काढली होती. विमानाच्या तिकिटाची साइट तपासताना साधं ‘तिकीट काढा’ न म्हणता त्या माणसाला एका मसालेदार प्रसंगात टाकायचं: भाचीचं लग्न ठरलंय, नवरामुलगा गुंड निघालाय, वर त्याचं आधीच लग्न झालेलं आहे, आणि पुरावा घेऊन तुम्हाला आत्ताच्या आत्ता बंगळूरला पोचायचंय! एरवी गप्प बसणारी माणसं अशा प्रसंगात शिरली की साइटवर मनसोक्त चिडायची, कारण आता राग त्यांचा राहिलेला नसायचा, गोष्टीतल्या मामाचा झालेला असायचा. तुम्हाला गुंड आणायची गरज नाही. ‘बहिणीच्या सासूबाई आल्यात आणि त्या आंब्याला नावं ठेवण्यात तरबेज आहेत’ एवढं जोडलंत तरी माणूस वर्णन दुप्पट लक्ष देऊन वाचतो.

सुरुवातीला सांगायचं ते साधंच आहे: तपासणी साइटची चालली आहे, तुमची नाही, जिथे अडाल तिथे चूक आमची, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. हे शेवटचं लोकांना जमत नाही, म्हणून आधी तालीम घ्या. ‘तुमच्या फोनमध्ये दूधवाल्याचा नंबर शोधा, आणि शोधताना काय चाललंय ते बोला.’ एक मिनिटात सूर लागतो. शक्यतो चाचणी तुम्ही स्वतः घेऊ नका. बागेच्या मालकासमोर कोण बोलणार? तुमच्या गावातली एखादी शिक्षिका किंवा ग्रंथपाल ताई, जिला ऐकून घ्यायची सवय आहे, तिला समोर बसवा. तुम्ही शेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग बघा.

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. माझ्या पहिल्या वर्षी एका पतसंस्थेच्या साइटवर एक काकू ठेवपावती काढायचं पान शोधत होत्या. दोन मिनिटं वरखाली करून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला राहवलं नाही, मी म्हटलं, ‘खाली बघा ना, खाली.’ त्यांना सापडलं, त्या खूश, मी खूश. मागे बसलेला प्रोग्रॅमर तर सगळ्यांत खूश, कारण ‘बघा, जमतं लोकांना!’ ते पान आहे त्याच जागी राहिलं. सहा महिन्यांनी पतसंस्थेच्या शाखेत विचारलं, तर लोक ठेवपावतीसाठी अजूनही रांगेतच उभे होते. तेव्हापासून मी तोंड उघडण्याआधी मनात दहापर्यंत मोजते. दहाच्या आत माणूस बहुतेक वेळा स्वतःच काहीतरी करतो किंवा बोलतो, आणि ते ऐकण्यासाठीच तर आपण बसलेलो असतो. ‘इथे दाबू का?’ असं विचारलं तर उलट विचारायचं, ‘मी इथे नसते तर काय केलं असतं?’ बस.

काही माणसं, विशेषतः ज्यांना आयुष्यभर ‘तुला नाही कळणार’ ऐकवलं गेलंय ती, अडली की स्वतःलाच दोष देतात. ‘ताई, मला नाही येत हे मोबाइलमधलं’ म्हणून फोन खाली ठेवतात. त्यांना एकटं बसवू नका, जोडीने बसवा. दोन बहिणी, नवरा-बायको, शेजारणी, कोणीही चालेल, पण एकच फोन. मग मोठ्याने बोला म्हणून सांगावंच लागत नाही. ‘अगं हे काय उघडलंस, मागे जा’, ‘नाही गं, पत्ता मागतोय तो’ असं आपोआप सुरू होतं. त्या भांडणातून मला जे कळतं ते एकट्या माणसाकडून तासभर बसूनही कळत नाही.

टिपणं साध्या वहीत घ्या, तीन रकाने आखून: काय केलं, काय बोलले, मला काय वाटलं. तिसरा रकाना वेगळा हवाच. ‘बटण दिसलं नाही’ ही नोंद नव्हे, तो तुमचा अंदाज. ‘बटणावरून दोनदा खाली गेले आणि मग फोन नंबर शोधायला लागले’ ही नोंद. एका मसाल्याच्या साइटवर आम्ही अंदाजाने धरलं होतं की बायकांना ऑनलाइन पैसे द्यायची भीती वाटते, म्हणून त्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात. नोंदी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं की लहान फोनवर तो हिरवा व्हॉट्सअ‍ॅपचा गोल नेमका ‘पैसे भरा’वर येऊन बसत होता. त्या दाबत होत्या पैसे भरायला, उघडत होतं व्हॉट्सअ‍ॅप. मग आलोच आहोत तर इथेच सांगून टाकू, असं त्या करत होत्या. तुमच्या साइटवरही कोपऱ्यात फोनचं चिन्ह असेल, तर आज संध्याकाळी एखादा छोटा फोन घेऊन तेवढं तपासाच.

तिसरा माणूस गेला की त्याच संध्याकाळी, डोक्यात ताजं असताना, साइट बनवणाऱ्याला घेऊन बसा. यादी वीसेक गोष्टींची होईल. त्यातून फक्त तीन उचला: ज्यांनी माणूस पूर्ण थांबला त्या आधी, ज्यांनी नुसता रेंगाळला त्या मागून. रंग, लोगो, ‘इथे एखादा व्हिडिओ असता तर’ यांना तूर्त रामराम. दुरुस्तीही कमीत कमी करा. पान नव्याने रचायचा मोह होतो, पण नव्या रचनेत नव्या अडचणी येतात. बऱ्याचदा एक शब्द बदलला, एक रकाना काढून टाकला किंवा आधी खातं उघडायची सक्ती उठवली तरी भागतं. ‘१ पेटी’ऐवजी ‘२ डझन, म्हणजे २४ आंबे’ एवढ्यानेही फरक पडलेला मी पाहिलाय.

परदेशातल्या दोघांची चाचणी गूगल मीटवर घ्या, त्यांना फोनचा स्क्रीन शेअर करायला सांगा. तिथे मी बहुतेक वेळा एकच गोष्ट बघते: फॉर्मला दहा आकडी भारतीय नंबर हवा असतो आणि ओटीपी अशा फोनवर जातो जो कोथरूडला आईच्या पर्समध्ये असतो. स्क्रीन शेअर करण्याआधी त्यांना नोटिफिकेशन बंद करायला सांगा. बँकेचे मेसेज तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येता कामा नयेत. रेकॉर्डिंग आधी विचारूनच करायचं, काम झालं की पुसायचं, आणि ‘बघा कसे गोंधळले’ म्हणून घरच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. पैसे भरायची पायरी आली की पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडवर, म्हणजे खरे पैसे कापले जात नाहीत अशा सोयीवर, ठेवा, किंवा यूपीआयचं अ‍ॅप उघडलं की तिथे थांबवा. त्याच्या पुढचं एकदा स्वतः खरी ऑर्डर देऊन बघा.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण तुम्ही फॉर्मचा उल्लेख केलात. सहा माणसांवरून ‘६७ टक्के लोक अडले’ असं लिहू नका, ‘सहापैकी चार अडले’ म्हणा. साइट वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी, जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली आजही वापरतात, ती चांगलीही आहे, पण दोन आवृत्त्यांची तुलना करायला आणि माणसं भरपूर असताना. तुमच्या कामाला ती आत्ता नको. किती लोक कुठल्या पानावरून परत जातात हे साइटच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये फुकट दिसतं, ते चाचणीच्या आधी बघून ठेवा. गळती कुठे आहे ते तिथे कळेल, का आहे ते या सहा जणांकडून.

खर्चाचं गणित: सहा जणांचे अठराशे, सूत्रधार ताईंचे दोन हजार, फोनचा स्टँड, वही, चहा-पोहे धरून सहाशे-सातशे. साडेचार हजारांत दोन्ही फेऱ्या. आंबापोळी घरची.

आणि जानेवारीपर्यंत थांबायचीही गरज नाही. कोकम, आमरसाचे डबे यांसाठी वर्षभर थोडेफार फोन येतच असतील ना? फोन करणारा माणूस त्या क्षणी बहुधा तुमच्या साइटसमोरच बसलेला असतो. पुढचा फोन आला की ऑर्डर घ्यायच्या आधी एवढंच विचारा, ‘आत्ता तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय?’ आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत दुसऱ्या रकान्यात लिहा.